टिळकवाडीतले वकील, कॉन्ट्रॅक्टर लोकांसाठी : पाचात चार स्टार

आमचं सिव्हिलचं काम, बेळगाव-खानापूर आणि थोडं पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडला. टिळकवाडीतल्या एका वकिलांकडं अ‍ॅग्रीमेंट तपासून घ्यायलोय, त्याबद्दल लिहितो. नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी हाय आणि हे साहेब त्यात लई कडक.

चंदगडच्या गोडाऊनचं अ‍ॅग्रीमेंट नेलं होतं, सगळं इंग्लिश. आम्ही रेट आणि पेमेंटचं पान बघतो ओ, बाकीचं कोण वाचतंय. ह्यांनी शेवटची पानं आधी उघडली आणि पेन्सिलनं गोल मारायला सुरुवात. लेट झालं तर दर आठवड्याला दंड होता पण त्याला वरची मर्यादाच नव्हती, ती दहा टक्क्यांवर आणायला लावली. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी तेवढाच दंड धरतं हे खरं, पण काम देणारी पार्टी तोवर बिलातनं कापून मोकळी होते आणि तुम्ही मागं पळत बसता, असं त्यांचं म्हणणं. वादाचं कोर्ट मुंबई लिहिलेलं, कारण पार्टीचं हेड ऑफिस तिथं. भांडून कोल्हापूर झालं, बेळगावला काय पार्टी तयार झाली नाही.

सगळ्यात कामाला आलं ते एक्स्ट्रा आयटमचं. करारात असतंय लेखी ऑर्डरशिवाय पैसे नाहीत, आणि साइटवर इंजिनिअर म्हणतो करून टाका हो, बघू नंतर. साहेबांनी मेसेजचा नमुनाच दिला, त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपला टाकायचा : "आज साइटवर सांगितल्याप्रमाणे प्लिंथ एक फूट वाढवत आहे, रेट अमुक, लेखी ऑर्डर द्यावी, हरकत असल्यास कळवा." आणि तो मोबाइल फॉरमॅट मारायचा नाही, मेसेज कोर्टात पुरावा म्हणून दाखवताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट द्यायची वेळ आली तर तोच लागतो. खानापूरच्या पावसात काम थांबलं की मुदतवाढीचं पत्र त्याच आठवड्यात, साइट रजिस्टरच्या झेरॉक्ससकट. कंटाळा येतो खरं, पण पार्टी वचकून असते.

इन्शुरन्सचे कागद पण बघतात. सीएआर (कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क) पॉलिसी काढली की आपले लोक निर्धास्त, पण ती काम आणि मालासाठी, सेंटरिंगवरनं लेबर पडला तर डब्ल्यूसी, म्हणजे कामगारांच्या भरपाईची पॉलिसी, वेगळी लागते. जुनं बिल अडकलंय तर तीन वर्षं व्हायच्या आत दावा टाका, नाहीतर त्या तीन वर्षांच्या आतच पार्टीकडनं बाकी कबूल असल्याचं सहीचं पत्र घ्या, मग मुदत तिथनं नव्यानं मोजतात.

सरकारी टेंडरला मात्र त्यांच्याकडं जाऊन लई उपयोग नाही. स्वतःच सांगतात, अटी बदलत नसतात, टेंडर भरायच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये काय विचारायचं ते विचारा आणि रिस्क रेटमध्ये धरा. टेंडरचं कन्नड मराठीत समजावून सांगतात हे आमच्यासारख्याला बरं पडतं, घरी कन्नड बोलत नसलेल्यांना ती भाषा डोक्यावरनं जाते.

एक स्टार कापला तो फीसाठी आणि उशिरासाठी. पानांवर फी लावतात, छोट्या घरकामाला परवडत नाही, आणि परवा देतो म्हटलेला ड्राफ्ट पुढच्या आठवड्यात येतो, पार्टी तोवर सही करा म्हणून डोकं खाते. कोर्टाच्या टायमात फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर जावा आणि अ‍ॅग्रीमेंटची वर्ड फाइल घेऊन जावा, पीडीएफ दिली की टायपिंगचे पैसे वेगळे लावतात.