फील्ड किती द्यायचं? सिंक्रोनस मोटर की इंडक्शन आणि कपॅसिटर

मोठ्या कॉम्प्रेसरला सिंक्रोनस मोटर घ्यावी की इंडक्शन मोटर आणि शेजारी एपीएफसी पॅनेल (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं), असं पुण्याजवळच्या भोसरी-चाकणकडचं कुणी विचारलं की मी आधी बाकीच्या शॉपचा लोड आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी खरं काम करणाऱ्या किलोवॅटचा वाटा) विचारतो. माणूस गोंधळतो. पण निम्मं उत्तर तिथेच असतं.

लोड तसाच ठेवून सिंक्रोनस मोटरचं डीसी फील्ड, म्हणजे रोटरच्या वाइंडिंगला दिलेला करंट, हळूहळू वाढवत न्या. स्टेटरच्या अँपमीटरचा काटा खाली येतो, एका जागी रेंगाळतो आणि पुन्हा चढायला लागतो. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काढलेला व्ही-कर्व्ह तो हाच. व्होल्टेज महावितरणचं, म्हणजे ठरलेलं, त्यामुळे मशिनमधला एकूण फ्लक्सही जवळपास ठरलेला. रोटरने कमी दिला तर उरलेला भरायला स्टेटर लाइनकडे हात पसरतो आणि करंट लॅगिंग होतो, म्हणजे व्होल्टेजच्या मागे पडतो. रोटरने जास्त दिला तर तो लीडिंग होतो, व्होल्टेजच्या पुढे जातो, म्हणजे मोटर लाइनला केव्हीएआर (फ्लक्ससाठी लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) पुरवते.

४१५ व्होल्टवर ३०० किलोवॅट घेणारी मोटर धरा. युनिटीला, म्हणजे पॉवर फॅक्टर १ असताना, सुमारे ४१७ अँप. ०.८ ला ५२२, मग ते लॅगिंग असो की लीडिंग. स्टेटरचा कॉपर लॉस दीडपटीच्याही वर जातो.

कमी फील्डचा विचारच सोडा. करंट जास्त, पॉवर फॅक्टर वाईट, वर पुल-आउट टॉर्क, म्हणजे मोटर पेलू शकते तो कमाल टॉर्क, घटलेला. लोडचा झटका बसला की मोटर सिंक्रोनिझममधून निसटते.

खरी निवड युनिटी आणि लीडिंग यांच्यात. मेंटेनन्सवाल्याला काटा सगळ्यात खाली असलेला आवडतो, आणि मोटरपुरतं त्याचं बरोबरच आहे. पण महावितरणच्या एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून किलोवॅट-तासांऐवजी केव्हीएएचवर (केव्हीए-तासांवर) आहे, आणि ते इन्कमरवर, म्हणजे अख्ख्या कारखान्याची वीज आत येते तिथे, मोजलं जातं. बाकीचं शॉप ६०० किलोवॅट, ०.९ लॅगिंग असेल तर त्याला सुमारे २९० केव्हीएआर लागतात. मोटर युनिटीवर ठेवली तर एकूण ९४६ केव्हीए. तीच ०.८ लीडिंगवर नेली तर ती २२५ केव्हीएआर देते आणि एकूण ९०२ वर येतं. मोटरचे अँप वाढले, इन्कमरचे उतरले.

गंमत गुरुवारी. सुट्टीला शॉप बंद आणि कॉम्प्रेसर एकटा चालू असेल, तर तेच सेटिंग ३०० च्या जागी ३७५ केव्हीए ओढतं. म्हणून एकदा फिरवून विसरायचा रिओस्टॅट नको. इन्कमरचा पॉवर फॅक्टर बघून फील्ड कमी-जास्त करणारा कंट्रोलर घ्या.

आता कपॅसिटर. ०.८५ ची इंडक्शन मोटर त्याच लोडला १८६ केव्हीएआर मागते. पॅनेल ते स्टेपने देतं, स्वस्तात, आणि बिघडलं तर कुठलाही इलेक्ट्रिशियन हात घालतो. पण व्होल्टेज पडलं की कपॅसिटरची देणगी व्होल्टेजच्या वर्गाने घटते, आणि शॉपमध्ये ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) भरपूर असले तर त्यांच्या हार्मोनिक्सने, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटने, फुगलेले कपॅसिटरचे डबे बदलत बसावं लागतं. हार्मोनिक्सपासून कपॅसिटर वाचवणाऱ्या डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरचे पैसे सुरुवातीलाच धरा.

सिंक्रोनसचा जाच वेगळा. ती स्वतःहून सुरू होत नाही. रोटरवरच्या डँपर वाइंडिंगच्या (शॉर्ट केलेल्या पट्ट्यांच्या) जोरावर इंडक्शनसारखी उचलायची, तोवर फील्ड वाइंडिंग डिस्चार्ज रेझिस्टरला जोडून ठेवायचं, आणि वेग सिंक्रोनसच्या ९५ टक्क्यांच्या आसपास आला की डीसी द्यायचा. रोटरला डीसी पोचवायला स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश असतील तर कार्बनची धूळ आलीच.

माझं मत विचाराल तर १५०० आरपीएमच्या चार पोल कामाला इंडक्शन आणि पॅनेल, फार डोकं लावू नका. ५०० आरपीएमचा, बारा पोलचा रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर दिवसरात्र चालणार असेल तर सिंक्रोनस. इतक्या पोलच्या इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर मुळातच पडलेला असतो. जुनी घेत असाल तर नेमप्लेटवर ‘युनिटी’ आहे की ‘०.८ लीड’ ते वाचा. युनिटीसाठी बांधलेल्या मोटरकडून फुल लोडवर ०.८ लीडिंग काढायला गेलात तर रोटरचं वाइंडिंग जळेल.