स्थानकाला लागून स्कीची लिफ्ट हवी: आल्प्समधल्या एका हिवाळ्याचा अनुभव

डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ हा पूर्ण हंगाम मी रेल्वे आणि बसनं फिरून स्कीइंग केलं. मी म्युनिकला राहते, गाडी नाही. वर्षातून एकदा आठवडाभराचं महागडं पॅकेज घेण्याऐवजी जमेल तेव्हा शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून निघायचं, असं ठरवलं होतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स झाले. स्लोव्हेनिया राहिला.

तिसऱ्या फेरीत मला एक गोष्ट कळली आणि पुढचा सगळा हंगाम त्याच्यावर निभावला. एका देशातून दुसऱ्या देशात जायला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरला. रेल्वे खाली दरीत सोडते, रिसॉर्ट वर डोंगरात असतं, आणि मग शटल तरी घ्या, टॅक्सी तरी करा, नाहीतर वरच दुप्पट भाड्याची खोली घ्या. तेव्हापासून मी स्कीच्या उतारांचा नकाशा नंतर बघते, आधी रेल्वेचा.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे इटलीच्या दक्षिण टिरोलमधलं पेर्का. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंड (१,३७१ मीटर) ओलांडून फोर्तेत्साला उतरायचं आणि पुस्तेरिया दरीची छोटी गाडी धरायची. जानेवारीतली सकाळ होती, खिडकीच्या काचेवर आतून दव साचलेलं. डब्यात अर्धे लोक शाळा-कामाला निघालेले आणि अर्धे पायात स्कीचे बूट चढवूनच बसलेले. पेर्काला गाडी थांबली तसे आम्ही बूटवाले टकटक करत उतरलो, फलाटावरूनच वर गोंडोल्याच्या, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या बंद पाळण्याच्या, दाराशी पोचलो. मधे रस्ता नाही, बस नाही, काही नाही. थोड्या वेळात २,२७५ मीटरवर, क्रोनप्लात्झ डोंगराच्या माथ्यावर. आमच्या गेस्टहाउसनं खोलीसोबत दक्षिण टिरोलचा पाहुण्यांचा पास दिला होता, त्यामुळे तिथल्या स्थानिक गाड्या आणि बसला वेगळा पैसा पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं पुढे वेर्शाकोला गेले. तिथेही लिफ्ट स्थानकालाच लागून आहे. दोन वेगळे स्की प्रदेश, मुक्काम एकच.

खोली बुक करायच्या आधी 'पाहुण्यांचा पास मिळतो का' हे विचाराच. फ्रान्समधल्या शामोनीलाही असंच कार्ड मिळतं आणि त्यावर सेर्व्होझपासून वालोर्सीनपर्यंतची रेल्वे फुकट आहे.

म्युनिकहून एका दिवसात जाऊन यायला ऑस्ट्रियातलं किट्झब्युहेल. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारं महिन्याचं तिकीट (२०२५ साली महिना ५८ युरो होतं), प्रादेशिक गाडीत थेट कुफ्स्टाइनपर्यंत चालतं, म्हणजे सीमेपलीकडच्या पहिल्या ऑस्ट्रियन स्थानकापर्यंत. पुढचं तेवढं ऑस्ट्रियाचं तिकीट काढायचं. मुख्य स्थानकावर उतरू नका, हानेनकाम नावाचा थांबा आहे, तो लिफ्टच्या जवळ. मात्र जानेवारीअखेर तिथे स्ट्राइफ या उतारावरची मोठी स्की शर्यत असते, त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते.

ऑस्ट्रियातल्याच सेंट अँटनला लिफ्ट स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहेत. २००१ च्या जागतिक स्की स्पर्धेआधी तिथला रेल्वेमार्गच हलवला. गावात राहणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून लांडेकला राहिले आणि रोज सकाळी रेल्वेनं वर गेले. तिथून पुढे आर्लबर्गचा बोगदा पार करून झारगान्स, मग लांडक्वार्ट, आणि तिथून लाल डब्यांच्या गाडीनं दावोस. ही जोडणी डोळे मिटून घ्या. मी गेले तेव्हा प्रत्येक गाडी ठरल्या मिनिटाला आली.

स्वित्झर्लंड महाग आहे हे खरं, पण प्रवास तितका महाग पडू द्यायचा नसेल तर तिथलं अर्ध्या दराचं कार्ड घ्या. मला पहिल्या वर्षी १९० फ्रँक पडले, आणि आपोआप नूतनीकरण होतं, तेव्हा नको असेल तर वेळेत रद्द करा. त्याच्यासोबत सवलतीचा दिवसाचा पास बऱ्याच आधी काढला तर २९ फ्रँकपासून मिळतो. त्यात रेल्वे आणि पिवळ्या पोस्टबस आल्या. दुसरी गोष्ट फोनची. युरोपियन युनियनमधलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही. लांडक्वार्टला डेटा बंद ठेवून उभी होते, तिकीट अ‍ॅपमध्ये उघडेना, आणि तपासनीस समोर. तेव्हापासून प्रत्येक तिकिटाचा कागदी प्रिंट सोबत असतो.

आता इंटररेल, म्हणजे अनेक युरोपीय देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, कारण सगळे त्याबद्दलच विचारतात. महिन्यात चार दिवसांचा पास मला २८३ युरोंना पडला. २७ वर्षांपर्यंतच्यांना २१२. म्हणजे दिवसाला ७१ युरो. इन्सब्रुकसारख्या जवळच्या प्रवासाला तो घेणं शुद्ध तोटा आहे, आधी काढलेलं साधं तिकीट कितीतरी स्वस्त. शिवाय आपण राहतो त्या देशात फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला तो चालतो. मी तो मार्चसाठीच वापरला: म्युनिक ते स्वित्झर्लंडमधलं मार्टिनी एक दिवस, शामोनीकडून फ्रान्समधलंच बुर्ग-सां-मोरिस एक, आणि परतीचे दोन. तिथे तो वसूल झाला. फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीला मात्र पासवरही वेगळं आरक्षण लागतं, मी प्रादेशिक गाड्यांनीच गेले. भारतातून येणाऱ्यांना इंटररेल मिळत नाही, तुमच्यासाठी युरेल पास आहे.

मार्टिनी ते शामोनी हा मला पूर्ण हंगामातला सगळ्यात आवडलेला प्रवास. सुरुवातीचा चढ इतका उभा की गाडी दातेरी रुळावर चढते, खाली रोन नदीची दरी पत्त्यांच्या घरासारखी लहान होत जाते. सीमा ओलांडली की वालोर्सीनला गाडी बदलायची. पुढे शामोनीहून बसनं माँ ब्लाँ बोगद्यातून (११.६ किलोमीटर, १९६५ पासून सुरू) इटलीतल्या कुरमायरला जाता येतं. या बसला आरक्षण करा. मी न करता गेले, बस भरलेली होती, आणि तो दिवस शामोनीच्या बसथांब्यावर संपला.

नकाशावर शामोनी आणि बुर्ग-सां-मोरिस शेजारी दिसतात. मधे माँ ब्लाँ आहे. रेल्वेनं आनसी, शाम्बेरी, आल्बेरव्हिल असा वळसा, अख्खा दिवस. पण शेवटी स्थानकातूनच निघणारी फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी डोंगरी गाडी) सात मिनिटांत ले झार्क या रिसॉर्टला १६०० मीटरवर नेते, तेव्हा दिवसभराचा शीण जातो. शनिवारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी सगळ्या खोल्यांचे पाहुणे बदलतात आणि गाडीत उभं राहायची पंचाईत.

सामानाबद्दल. पहिले दोन महिने मी स्वतःच्या जुन्या स्की वाहिल्या. एका लांब पल्ल्याच्या बसनं 'स्कीचं आरक्षण वेगळं नाही' म्हणून रात्री साडेदहाला मला खाली उतरवलं. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत आणि त्या रात्रीचं हॉटेल माझ्या खर्चानं. फेब्रुवारीत स्की विकल्या. आता फक्त बूट आणि हेल्मेट नेते, स्की तिथेच भाड्यानं. बूट मात्र स्वतःचेच हवेत, पराया बुटात नडगी सोलवटते. रात्री आतलं अस्तर बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळपर्यंत कोरडं होतं.

जेवणासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डोंगरावरच्या उपाहारगृहात साधं सूपही खिशाला जड आहे. दशम्या दुधात मळल्या तर उणे दहालाही चावता येतात, फक्त डबा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

पासपोर्ट आणि निवास परवाना कायम अंगावर. शेंगेनमुळे या देशांमधल्या सीमा खुल्या असल्या तरी जर्मनीत परतताना सीमेजवळ गाडीत तपासणी होते, आणि आमच्या डब्यात ती माझ्यापासून सुरू झाली, चार वेळा.

स्लोव्हेनिया राहिला तो ऑस्ट्रियातून तिकडे नेणाऱ्या तौर्न रेल्वेमार्गामुळे. नोव्हेंबर २०२४ पासून तो दुरुस्तीसाठी बंद होता, जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. येत्या हंगामात ऑस्ट्रियातलं फिलाख, तिथून बोगद्यापलीकडे स्लोव्हेनियातलं येसेनिचे, आणि पुढे बसनं क्रान्स्का गोरा. तिथे मात्र स्थानकाला लागून लिफ्ट नाही, त्यामुळे बसचं वेळापत्रक आधी हातात घेतलंय.