शाळेतील छळ रोखण्यासाठी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण: एका दिवसाची कार्यशाळा, ऑनलाइन अभ्यासक्रम की वर्षभराच्या बैठका?

ठाण्यातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असलेल्या माझ्या परिचित बाईंनी मे महिन्यात मला तीन प्रस्ताव वाचायला दिले. विद्यार्थ्यांमधील छळ रोखण्यासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे, एवढे समितीत ठरले होते; परंतु शाळा सुरू होण्याआधी एका दिवसाची कार्यशाळा घ्यावी, शिक्षकांना ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगावा, की वर्षभर दरमहा दोन तासांच्या बैठका ठेवाव्यात, यावर एकमत होत नव्हते. याच शहरात २६ वर्षे शिकवल्यामुळे माझे मत बनलेले आहे. तरीही प्रत्येक पर्यायाच्या जमेच्या बाजू आधी नीट पाहाव्यात, असे मला वाटते.

प्रशिक्षण कशासाठी, हे आधी स्पष्ट हवे. या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. यातली तिसरी खूण शिक्षकांच्या नजरेतून सर्वाधिक निसटते. आपण छळाला भांडण समजतो, दोघांना समोरासमोर उभे करतो, ‘सॉरी म्हण, हात मिळवा’ असे सांगतो आणि विषय मिटला असे धरून चालतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायलाच मुलाने चार दिवस धीर गोळा केला, त्याच्याच हातात हात देण्याची सक्ती आपण त्याच्यावर करतो. प्रशिक्षणाने पहिल्यांदा ही सवय मोडली पाहिजे, आणि तीनही प्रस्ताव मी याच कसोटीवर पाहते.

एका दिवसाच्या कार्यशाळेला मी निरुपयोगी म्हणणार नाही. व्याख्या, शाळेचे धोरण आणि कायदा या गोष्टी एका दिवसात उत्तम समजावता येतात. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक आहे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०१५ साली संलग्न शाळांना छळविरोधी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत, हे सगळ्यांना एकाच वेळी कळणे मोलाचे आहे. कार्यशाळेत राहून जातो तो सराव. माझ्या वर्गात एका स्थूल मुलाला सगळे एका टोपणनावाने हाक मारत आणि हजेरी घेताना एकदोनदा ते नाव माझ्याही तोंडून गेले. वर्ग हसला, तोही हसला. त्याच वर्षी मी अशाच एका कार्यशाळेला बसले होते, माझी टिपणे व्यवस्थित होती, आणि त्या टिपणांचा आणि माझ्या हजेरीचा काही संबंध आहे हे मला सुचले नाही. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत येईनासा झाला, तेव्हा त्याच्या आईने मला तो संबंध सांगितला.

ऑनलाइन अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात सांगता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांकडून दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, त्यात हे तास धरता येतात आणि खर्चही कमी येतो. पण तो प्रत्येकाने एकट्याने करायचा असतो, आणि छळ थांबवणे हे एकट्याचे काम नव्हे. शिवाय मावशी, शिपाई, बसमधील मदतनीस आणि व्हॅनवाले काका यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

वर्षभराच्या बैठकांचा विचार मात्र सविस्तर करायला हवा. छळ बहुतेक वेळा वर्गाबाहेर घडतो. आपल्याकडे दोन वेळांत भरणाऱ्या शाळांत सकाळची शाळा सुटताना आणि दुपारची भरताना जिन्यावर जी गर्दी होते, त्या दहा मिनिटांत तिथे शिक्षक क्वचितच असतात. मधल्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावरील नळापाशी काय चालते, हे तिथल्या मावशींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. एका मुलीचा डबा रोज त्या नळाखाली धरला जात होता. भिजलेली पोळी पिळून ती कचरापेटीत टाकत असे आणि हात धुऊन वर्गात येत असे. मावशींनी ते पाहिले होते. ‘मला वाटलं, मैत्रिणी मैत्रिणी मस्करी करतायत,’ असे त्या नंतर म्हणाल्या. दर महिन्याच्या बैठकीत त्या बसल्या असत्या आणि या महिन्यात कुठे काय दिसले हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला असता, तर ही गोष्ट दोन महिने आधी उघड झाली असती. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर जिल्ह्यातील शाळांचे लक्ष कॅमेरे आणि तक्रारपेट्यांकडे वळले, आणि ते आवश्यकच होते. पण एखाद्या मुलीशी वर्गात कोणीच बोलत नाही, हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

संशोधनाचा कौलही साधारण याच बाजूला आहे. टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ मध्ये अनेक देशांतील छळविरोधी कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात छळ करण्याचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी घटलेले दिसले, आणि अधिक काळ चाललेल्या, अधिक सखोल कार्यक्रमांचा परिणाम अधिक होता. मैदानावरील देखरेख आणि पालकसभा यांचाही त्यात वाटा होता. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या किवा कार्यक्रमात प्रत्येक शाळेत प्रौढांचे एक छोटे पथक असते. ते छळ सोसणाऱ्याशी आणि करणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलते आणि काही दिवसांनी पुन्हा भेटून ठरलेले पाळले गेले का, हे तपासते. पुन्हा भेटण्याची ही पायरी आपल्याकडे जवळजवळ नेहमीच राहून जाते.

तरीही वर्षभराच्या बैठका घेतल्या म्हणजे काम झाले, असे मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आपल्याच देशातले आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत ‘सेहर’ या शालेय आरोग्य उपक्रमाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत हा उपक्रम राबवण्याचे काम प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाकडे होते, तर काहींत केवळ याच कामासाठी नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकाकडे. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले आणि छळ कमी झाला. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. परीक्षा, निवडणुकीची कामे आणि भरलेले वेळापत्रक यांतून आमच्या शिक्षकांना किती वेळ उरतो, हे जाणणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून निवड करताना शाळेची स्थिती पाहावी. घोडबंदर रस्त्यावरील किंवा नेरूळ, ऐरोलीतील ज्या शाळांकडे बसगाड्यांचा ताफा आणि पुरेसा निधी आहे, त्यांनी पूर्णवेळ समुपदेशक आधी नेमावा आणि मासिक बैठका त्याच्या देखरेखीखाली घ्याव्यात. नौपाडा किंवा कळव्यातील लहान अनुदानित शाळेला पगाराचा तो भार पेलणार नसेल, तर एका शिक्षिकेच्या आठवड्यातील चार तासिका कमी करून ही जबाबदारी तिला लेखी द्यावी, जूनमध्ये कायदा आणि धोरणासाठी एक दिवस ठेवावा आणि पुढे दरमहा एका शनिवारी मावशी, शिपाई आणि बसमधील मदतनीस यांच्यासह बसावे. ऑनलाइन अभ्यासक्रम नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांपुरता ठेवावा.

प्रशिक्षकांना मानधन विचारण्याआधी, दिवसातला किती वेळ भाषणात जाईल आणि किती प्रसंग करून पाहण्यात, हे विचारावे. आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा येणार का, हेही. जुलैमध्ये मुलांकडून नाव न लिहिता एक छोटी प्रश्नावली भरून घ्यावी आणि तीच फेब्रुवारीत पुन्हा द्यावी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढल्या, तर समितीने प्रशिक्षण फसले असे समजून ते बंद करू नये, कारण तोवर गप्प बसलेली मुले तेव्हा कुठे बोलू लागलेली असतात. मी माझ्या परिचित बाईंना तिसरा प्रस्ताव निवडायला सांगितले आणि बैठकीला बोलवायच्या लोकांच्या यादीत तिसऱ्या मजल्यावरील मावशींचे नाव सर्वांत आधी लिहायला सांगितले.