ग्लुकोमीटर, चौदा महिन्यांनंतर: सरासरीचं बटण आणि माझा चिक्कूपणा

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडणात शेवटी मीच तोंडावर पडलो. पाच सेकंदांत रक्तातल्या साखरेचा आकडा, एवढासा थेंब वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

पहिले सहा महिने मी याला पाच तारे दिले असते. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं. 112, 119, 124. मग सरासरीचं बटण: तीस दिवसांची सरासरी 118. ही पोहे परतत असायची, तिच्या नाकासमोर नेऊन यंत्र धरायचो.

रोज का नाही तपासली? यंत्रात घालायच्या पट्ट्या! पन्नासची डबी साडेनऊशेला, म्हणजे एका टोचणीला एकोणीस रुपये. त्यात माझ्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की उघडल्यापासून 90 दिवसांत संपवा. आठवड्याला एक धरली तर तेरा वापरून होतात, उरलेल्या सदतीस काय गणपतीला वाहायच्या? मी त्याच वापरत राहिलो.

सातव्या महिन्यात लॅबमध्ये एचबीएवनसी केली, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी रक्ततपासणी. 8.2. खाली अंदाजे सरासरी छापली होती, 189. घरात 118 आणि लॅबमध्ये 189! ग्राहक सेवेला फोन लावून पाऊण तास भांडलो. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, डबी कधी उघडली होती?" मी फोन ठेवला.

नवी डबी आणली. कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे यंत्र तपासायचं ठरावीक साखरेचं पाणी, टाकून पाहिलं, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसला. लॅबमध्ये रक्त देताना तिथेच बोटही टोचलं: लॅब 132, यंत्र 124. पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो म्हणे. यंत्र ठीक होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "काका, जेवणानंतर कधी बघितलीत?" त्या दिवशी दुपारी आमटी-भात जेवून दोन तासांनी बघितली. 241. सरासरीचं बटण खोटं बोलत नव्हतं, माझ्या चार रविवारच्या सकाळींचीच ती सरासरी होती. त्यातही शनिवारी रात्री मी मुद्दाम एक भाकरी कमी खायचो. एचबीएवनसीला असं फसवता येत नाही. साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते, आणि पेशी जगते साधारण 120 दिवस. (लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर मात्र हा आकडाही विनाकारण चढा येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा.)

पुढचं वाचून कदाचित कोणी तरी तपासणी करून घेईल. माझ्या 'फुल बॉडी' पॅकेजात क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) 0.9 होतं, लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन निल. मी किडनीच्या बाबतीत निवांत. डॉक्टरांनी वेगळी तपासणी लिहिली, लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. 30 च्या आत हवं, माझं 68 आलं. लघवीच्या साध्या तपासणीतल्या पट्टीला एवढंसं अल्ब्युमिन दिसतच नाही. क्रिएटिनिन चढतं तोवर किडनीचं बरंच काम गेलेलं असतं. गाळणी मात्र त्याच्या कितीतरी आधी झिरपायला लागते, आणि ना दुखत, ना सूज, ना लघवीला फेस. पॅकेजात ही तपासणी नाही, व्हिटॅमिनं मात्र सतरा!

मी लगेच म्हटलं, लॅबची चूक. डॉक्टरही म्हणाले, एकावर विसंबायचं नाही, ताप, लघवीचा संसर्ग किंवा भरपूर व्यायाम असला तरी वाढतं. तीन महिन्यांत परत केली: 61. आता वाद संपला. टेल्मिसार्टन सुरू झाली. बीपी 134 असताना बीपीची गोळी कशाला, म्हणून कुरकुरलो. तर म्हणे ती किडनीच्या गाळणीवरचा दाबही उतरवते. पोटॅशियम तपासायला परत एकदा रक्त दिलं. गुडघ्यासाठी मनानेच घेत होतो त्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या.

आता दिवसाआड बघतो, कधी सकाळी, कधी जेवणानंतर. नव्वद दिवसांत डबी जवळपास संपते, त्यामुळे सदतीस पट्ट्यांचं दुःखही गेलं. गेल्या महिन्यात एचबीएवनसी 7.1, लघवीचा आकडा 38. ही म्हणाली, "आता दाखवा की यंत्र." मी बटण दाबलंच नाही.

यंत्राला साडेतीन तारे. दीड तारा पट्ट्यांच्या भावाबद्दल कापलाय, तो परत देणार नाही.