चार्जरची वायर तुटली तेव्हा: डीबीएसचे १४ महिने

गेल्या महिन्यात चार्जरची वायर गेली. मोबाईलच्या नव्हे, माझ्या छातीत बसवलेल्या बॅटरीच्या चार्जरची. माझा उजवा हात, माझं चालणं, रात्रीची झोप, सगळं त्या बॅटरीवर चालतं. छातीवर लावायची चार्जरची चकती आणि वायर जिथे जुळतात तिथलं रबर आधी चिरलं, मग आतली तार दिसायला लागली. एका गुरुवारी रात्री चकती गळपट्टीच्या हाडाखाली लावली, तर स्क्रीनवर नुसतं शोधत असल्याचं चिन्ह फिरत राहिलं. बॅटरी ४० टक्के होती. नवा चार्जर हातात पडायला बरोबर सात दिवस लागले आणि त्यातला शेवटचा दीड दिवस मी करंटशिवाय काढला. म्हणून हे लिहायला बसलोय.

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीने तिथे सतत करंट देणं. माझं वय ५७, पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) नववं वर्ष. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या छोट्या भागात) लीड, म्हणजे करंट नेणारी तार, छातीत उजवीकडे रिचार्जेबल बॅटरी. ऑपरेशनच्या आधी लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूत कमी पडणारं डोपामाइन भरून काढणाऱ्या औषधाच्या, दिवसाला सात वेळा गोळ्या, तरी दिवसातले पाच-सहा तास ‘ऑफ’मध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरलेल्या अवस्थेत, जायचे आणि उरलेल्यातले तीन-चार तास अंग वळवळण्यात. ऑपरेशनबद्दल लिहीत नाही. डोक्याला फ्रेम, जागेपणी मूठ उघड-मीट करायला लावणं, ड्रिलचा आवाज, हे सगळं इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय.

मला बोलायचंय चार्जरबद्दल, कारण त्याबद्दल मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. ऑपरेशनपूर्वी चार वेळा समुपदेशन झालं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बोलण्यावरचा परिणाम, सगळं समजावलं. चार्जरबद्दल एकच वाक्य: ‘आठवड्यातून दोनदा लावायचा, सोपं असतं.’

सोपं नसतं. पातळ बनियनवरून चकती बॅटरीच्या बरोबर वर बसावी लागते. जरा सरकली की स्क्रीनवरच्या, जुळणी किती नीट आहे ते दाखवणाऱ्या रेघा आठाच्या तीन होतात आणि तासाभराचं काम अडीच तासांवर जातं. खांद्यावरून येणारा जो पट्टा देतात तो उभ्या माणसासाठी कापलेला आहे. खुर्चीत बसलं की चकती दोन बोटं खाली उतरते. मी बायकोचा जुना दुपट्टा तिरका बांधून ती जागेवर धरतो आणि तासभर जवळजवळ न हलता बसतो. चकती तापली की चार्जर आपणहून थांबतो आणि थांबल्याचा आवाज इतका बारीक आहे की डुलकी लागली तर कळतही नाही. शिवाय ज्या माणसाचे हात थरथरतात, बोटं आखडतात, त्याच्यासाठी बनवलेल्या वस्तूचा प्लग इतका छोटा आणि इतका घट्ट का? चौदा महिने रोज मनात येणारा प्रश्न आहे हा.

आता भांडणाचं. शुक्रवारी सकाळी फोन केला. दवाखान्यातून सांगितलं, चार्जर कंपनीचा विषय. कंपनीच्या नंबरवर सांगितलं, ज्यांनी बसवलं त्यांच्यामार्फत मागणी पाठवा. मग बिलाची प्रत मागितली. बिलात एकच ओळ, ‘संपूर्ण प्रणाली’, आणि खाली एकच आकडा. त्यात चार्जर वेगळा दाखवलेला नाही, म्हणून त्याची वॉरंटी किती हे ठरवता येईना. इम्प्लांटची वॉरंटी चालू होती. चार्जर ‘ॲक्सेसरी’त मोडतो आणि ॲक्सेसरीला एकच वर्ष, हे शनिवारी दुपारी कळलं. म्हणजे मुदत संपून दोन महिने झालेले. पैसे भरतो पण आज पाठवा, म्हटलं, तर रविवार मध्ये आला.

मी काटकसरी माणूस आहे. घरातला मिक्सर बावीस वर्षांचा आहे आणि त्याची वायर मी स्वतः दोनदा बदललीय. पण ही वायर कापून जोडायची माझी हिंमत झाली नाही, आणि कोणी करूही नये. ज्या यंत्रासाठी आयुष्यभराच्या साठवणीतला मोठा भाग गेला, त्याची सगळी मदार एका हातभर वायरवर, आणि ती वायर ॲक्सेसरी! तिच्याशिवाय छातीतली बॅटरी म्हणजे नुसती धातूची डबी. मग ती ॲक्सेसरी कशी?

प्रोग्रामिंग करणाऱ्या, म्हणजे करंट किती आणि कसा द्यायचा ते बॅटरीत भरणाऱ्या ताईंनी मात्र रविवारीही फोन घेतला. माझ्या रिमोटवर चार ग्रुप, म्हणजे करंटची आधीच ठरवून ठेवलेली चार सेटिंग्ज आहेत. त्यातला ‘सी’ कमी करंटचा. त्यावर टाका, बॅटरी दीडेक दिवस जास्त पुरेल, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांशी बोलून ‘बंद पडली तर’ साठी गोळ्यांचा वाढीव डोसही लिहून घेतला. हे कागदावर असणं किती महत्त्वाचं आहे ते बुधवारी कळलं. करंट अचानक बंद पडणं ही साधी गैरसोय नाही. बरीच वर्षं डीबीएसवर असलेल्या माणसाला त्याने इस्पितळ गाठावं लागू शकतं.

बुधवारी सकाळी शर्टाची बटणं लावत होतो. तिसऱ्या बटणाशी उजवा अंगठा हलला. मी हात खाली केला, पुन्हा वर नेला. मग तर्जनी, मग मनगट. पाच मिनिटांत पूर्ण हात पूर्वीसारखा हलायला लागला, चौदा महिने मध्ये गेलेच नाहीत असा. बायको दारात उभी होती. काही न बोलता येऊन तिने उरलेली चार बटणं लावली. दुपारपर्यंत खांदा आणि मान लाकूड झाली, संध्याकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय चिकटले. रात्री कुशीवर वळता येईना, तेव्हा तिने चादर धरून ओढून वळवलं. पूर्वी रोज रात्री तीन-तीनदा ती हे करायची. मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी चार्जर आला. चाळीस मिनिटं चार्ज केल्यावर रिमोटने करंट सुरू करता आला. उजव्या पंजात मुंग्या आल्यासारखं झालं आणि अंगठा थांबला. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. आखडलेपणा जायला रात्र गेली, चाल सकाळी परत आली.

तेव्हा माझं मत असं झालं होतं की रिचार्जेबल घेऊच नका. साधी बॅटरी घ्या, तीन ते पाच वर्षांनी बदला, चार्जरची कटकटच नको.

वरचं सगळं चार दिवसांपूर्वी, रागात लिहिलंय. खोडत नाही, पण मत बदललंय. आमच्या व्यायामाच्या गटातल्या एका काकांची साधी बॅटरी आहे. त्यांना करंट जास्त लागतो, त्यामुळे ती अडीच वर्षांतच संपत आलीय. बदलायचं ऑपरेशन छोटं असतं हे खरं, पण प्रत्येक वेळी छातीवरची जुनी खूण पुन्हा उघडायची आणि जंतुसंसर्गाची भीती पुन्हा घ्यायची. तिथे संसर्ग झाला तर कधी कधी सगळी प्रणालीच काढावी लागते. माझी बॅटरी पंधरा वर्षं चालेल असं सांगितलंय. पंधरा वर्षांत तीन-चार ऑपरेशनं वाचतात, खर्चही वाचतो. माझ्या वयाला रिचार्जेबलच बरोबर. पण सत्तरीच्या पुढे असाल, घरी एकटे असाल किंवा विसरायला होत असेल, तर साधीच घ्या. आणि रिचार्जेबल घेणार असाल तर दुसरा चार्जर आधीच मागून घ्या. ऑपरेशनच्या आधी. बिलात त्याची ओळ वेगळी लिहून घ्या. पैसे भरायच्या आधी माणूस जे मागतो ते मिळतं, नंतर फोन करत बसावं लागतं.

त्या दीड दिवसाने आणखी एक गोष्ट झाली. गेले काही महिने मी तक्रारी करत होतो की डीबीएसने म्हणावा तसा फरक पडला नाही. पडला होता. मला त्याची सवय झाली होती. गोळ्या आता दिवसाला चार वेळा, लेव्होडोपा हजार मिलिग्रॅमवरून पाचशे पन्नासवर. अंगाची वळवळ जवळजवळ गेली. रात्री स्वतः कुशीवर वळतो.

प्रोग्रामिंगला मात्र वेळ द्या. ऑपरेशननंतर लगेच बरं वाटतं, करंट सुरूही केलेला नसतो तरी. ते लीड आत जाताना झालेल्या सुजेमुळे, आणि दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. मी तेव्हा घाबरलो होतो, ऑपरेशन फसलं असं वाटलं. मग प्रोग्रामिंग सुरू झालं. सेकंदाला १३० पल्स (१३० हर्ट्झ), प्रत्येक पल्सची रुंदी ६० मायक्रोसेकंद, आणि करंट एकेका पायरीने वर. डाव्या लीडवर ३.४ मिलिअँपिअरला जीभ जड झाली, गाल एका बाजूला ओढला गेला. शेजारून जाणाऱ्या, स्नायूंना हुकूम नेणाऱ्या वाटेवर करंट सांडतोय, असं ताईंनी सांगितलं. नव्या लीडमध्ये करंट सोडणाऱ्या कड्यांपैकी मधल्या दोन कड्यांचे तीन-तीन भाग केलेले असतात, त्यामुळे करंट एका दिशेला वळवता येतो. तसं वळवून २.६ वर थांबलो. सहा भेटी लागल्या. प्रत्येक भेटीला आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद करून जायचं. त्या सकाळी कठीण जातात.

आवाजाचं मात्र दुखणं राहिलं. माझा आवाज खाली गेलाय, शब्द एकमेकांत घुसतात, फोनवर लोक ‘काय?’ म्हणतात. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि नातवाने तिसऱ्यांदा ‘काय आजोबा?’ विचारणं वेगळं. पल्सची रुंदी ६० वरून ४० केल्यावर थोडा फरक पडलाय. ‘बी’ ग्रुप थोड्या कमी करंटचा करून घेतलाय, गप्पा मारायच्या असल्या की त्यावर जातो. हात किंचित हलतो, पण शब्द कळतात.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी नुसता बसून असायचो. कंप नाही, आखडणं नाही, तरी उठावंसं वाटायचं नाही. घरच्यांना वाटलं मी खचलोय. गोळ्या फार भरभर कमी झाल्या होत्या, डोपामाइन उतरलं की उमेदही उतरते. डोस थोडा वाढवल्यावर महिन्याभरात माणसात आलो. कोणी गोळ्या किती कमी झाल्या याचाच हिशेब मांडत असेल, तर त्याला हे सांगा.

कोणाला उपयोग होतो याचा मला पटलेला ठोकताळा: गोळीने जे सुधारतं ते डीबीएसने सुधारतं, कंप तर गोळीला दाद देत नसला तरी बरेचदा थांबतो. गोळी लागू असतानाही तोल जात असेल, पाय चिकटत असतील, तर डीबीएसकडून त्याची आशा धरू नका. आणि आजार थांबत नाही, तो आपल्या गतीने पुढे जातच राहतो.

दोन सावधगिऱ्या. खांदा आखडला म्हणून मी फिजिओथेरपीला गेलो होतो. तिथल्या मुलीने शेक द्यायला डायथर्मीचं मशीन जवळ ओढलं. मी इम्प्लांटचं कार्ड दाखवलं म्हणून वाचलो. डायथर्मीची ऊर्जा लीडमधून मेंदूत उतरते, टोकाशी उष्णता होते आणि तिथल्या पेशी भाजतात. हे कुठल्याही परिस्थितीत चालत नाही. कार्ड कायम खिशात ठेवा. दुसरी, पोहणं. चांगले पोहणारे लोक डीबीएसनंतर पाण्यात हातपाय मारायचं विसरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, झुरिकच्या डॉक्टरांनी अशा नऊ जणांबद्दल लिहिलंय. पहिल्यांदा उतराल तेव्हा सोबत माणूस हवा आणि पाणी उथळ हवं.

त्या बुधवारी रात्री पडल्या पडल्या एक आठवत होतं. १९८७ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला मेंदूचे सर्जन बेनाबिद यांनी हा मार्ग धरला, त्याआधी कंपासाठी मेंदूतला तेवढा भाग जाळून टाकत. जाळलेलं परत येत नाही. करंट मात्र बंद करता येतो, बदलता येतो, पुन्हा सुरू करता येतो. आमच्या डॉक्टरांनी हाच मोठा फायदा म्हणून सांगितला होता आणि तो मला मान्य आहे. माझा करंट बंद झाला आणि पुन्हा सुरूही झाला. पण तो वायरीने बंद करू नये, मी किंवा डॉक्टरांनी करावा, एवढीच माझी मागणी आहे आणि ती मी लेखी पाठवलीय. उत्तर आलेलं नाही.

दुसरा चार्जर पैसे भरून मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. तो मुलाच्या घरी ठेवणार आहे. आता वापरतो त्या चार्जरच्या वायरीला जोडाजवळ पेनमधली स्प्रिंग चढवून वर टेप गुंडाळलीय, म्हणजे तिथे ती दुमडणार नाही. आज सकाळी चार्ज केलं, आठाच्या आठ रेघा, एक तास पाच मिनिटं. शर्टाची सगळी बटणं मीच लावली.