सहा इंची पाटी आणि एक अनुस्वार

"ताई, आहे की अनुस्वार. ४७ पान, वरून सहावी ओळ. फाइल उघडूनच बसलोय मी."

पुस्तकाची पानं संगणकावर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्या पोराच्या आवाजात जराही कुरकुर नव्हती, त्यामुळे मला आणखीच ओशाळायला झालं. पंचवीस वर्षं प्रुफं वाचतेय मी. 'अंगणातला आंबा पिकला'चं 'अंगणातला आबा पिकला' झालंय, असंच छापलं तर लेखक आपल्याला जन्मभर विसरणार नाही, म्हणून सकाळी साडेआठला त्याला फोन लावला होता. फाइलीत आंबाच होता. आबा फक्त माझ्या हातातल्या पाटीवर.

पाटी म्हणजे ई-रीडर, पुस्तकं वाचायचं यंत्र. भाचा सिंगापूरहून येताना घेऊन आला. किती पडले विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुझ्या दोन पुस्तकांच्या प्रुफांएवढे." म्हणजे एकतर वस्तू स्वस्त आहे, नाहीतर मी कुठल्या दराने काम करते हे त्याला माहीत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सहा इंचाच्या सगळ्याच पाट्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. चार महिने वापरून लिहितेय.

आधी हिशेब, कारण तो दुकानात कोणी करून दाखवत नाही. सहा इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रत्यक्ष पडदा ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच. मला येणारी प्रुफं ए-फोर, म्हणजे २१ बाय २९.७. अख्खं पान त्या पडद्यात कोंबलं की अक्षर मूळच्या ४० टक्क्यांवर येतं. १३ पॉइंटचा मजकूर सव्वापाच पॉइंटचा होतो. औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेलं पत्रक आठवा.

इंग्रजी असतं तर डोळे ताणून निभावलं असतं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली केवढा संसार असतो! वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. बारीक झाल्यावर पहिला बळी यांचाच जातो. 'सर्वांत' हा शब्द घ्या. 'र्वां'च्या कान्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसलेले असतात. पाटीवर दोघांचा मिळून एक करडा ठिपका. 'सर्वात' की 'सर्वांत' यावर माझं निम्मं करिअर गेलं, आणि हे यंत्र म्हणतं दोन्ही एकच. पडद्यावर इंचाला ३०० ठिपके आहेत, तरी माझ्या हिशेबाने त्या आकारात अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीनच येतात.

मग मोठं करून वाचा, असं भाचा म्हणाला. दोन बोटांनी ताणलं. अक्षर मोठं झालं, ओळ पडद्याबाहेर गेली. उजवीकडे सरकवा, ओळ संपवा, परत डावीकडे या, खाली उतरा. फोनवर हे लोण्यासारखं होतं. इथल्या पडद्यात बारीक कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध भाराचे काळे-पांढरे कण. विजेचा झटका दिला की कण वर-खाली होतात आणि मग बसतात तसेच, पुन्हा वीज न लागता. म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पण सरकवलं की दर वेळी सगळ्या कणांनी उठून जागा बदलायची, आणि मागच्या चित्राची पुसट भुतं मागे राहायची. एका परिच्छेदाला नऊ वेळा सरकवलं. नंतर पाटी पालथी ठेवून चहा केला.

'रीफ्लो' नावाचं बटण मात्र एकदा तरी दाबून बघावं, करमणूक म्हणून. मजकूर उचलून पडद्याच्या रुंदीत नव्याने ओतायचा, ही कल्पना उत्तम. पण पीडीएफ जन्माला आली १९९३ साली, कुठल्याही यंत्रावर पान हुबेहूब तसंच दिसावं आणि छापलं जावं यासाठी. कुठलं अक्षर पानावर कुठे बसलंय एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. परिच्छेद कुठे सुरू झाला, पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव कथेचा भाग आहे की नाही, हे बहुतेक फायलींना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे मला वाचायला मिळालं: 'आजी म्हणाली, ४८ अंगणातले दिवस बाळा, जेवून घे.' पहिल्या वेलांटीची तर दैनाच. ती दिसते अक्षराच्या आधी, पण साठवायची असते नंतर. या गोंधळात 'निघाली'ची वेलांटी सुटून मागच्या शब्दाला चिकटली होती. आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटात जुळवलेली फाइल असेल तर विचारूच नका. तिथे आतून देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे कपडे चढवलेले असतात. रीफ्लो ते कपडे उतरवतं. डॉलरची चिन्हं, कंस, चौकोन, अर्धविराम.

एवढ्यावर मी पाटी कपाटात टाकणार होते. भाचा परत जायच्या आदल्या रात्री त्याने त्यात केओरीडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवलं, आणि परीक्षण इथून सुरू करायला हवं होतं असं आता वाटतं.

यात पहिलं काम समास कापण्याचं. ए-फोरच्या दोन्ही बाजूंचा कोरा कागद उडवला की मजकूर उरतो साधारण १६ सेंटिमीटरचा. मग पाटी आडवी धरायची. रुंदी १२ झाली, १३ पॉइंटचं अक्षर पावणेदहाचं दिसायला लागलं. एक पान दोन-अडीच टिचक्यांत संपतं, डावी-उजवी कवायत बंद. आंबा आंबाच दिसतो.

खरी कमाल स्कॅन केलेल्या पुस्तकांत. केओरीडरचंही रीफ्लो आहे, पण ते अक्षरं वाचायच्या फंदात पडत नाही. पानाचं चित्रच शब्दा-शब्दांमधल्या कोऱ्या जागेवर कापतं आणि तुकडे नव्या ओळींत लावतं. इथे आपली शिरोरेघ कामाला आली. अख्खा शब्द वरून एका दोरीत ओवलेला, त्यामुळे तो मध्येच तुटायची भीती कमी. ओळी दाटीवाटीने लावलेल्या जुन्या पुस्तकांत मात्र वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात आणि दोन ओळींचा एक लगदा होतो. पिवळ्या कागदाचं स्कॅन पाटीवर राखाडी दिसतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की कागद पांढरा होतो, अक्षर काळं. जास्त वाढवला तर कागदावरचे डागही काळे होतात आणि नको तिथे अनुस्वार उगवतात. हे माझ्यावर ओढवलेलं संकट वेगळंच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट ठेवली आहेत. वर्षानुवर्षं मी ती फक्त उतरवून ठेवत होते, संगणकावर बसून वाचायला जीव होत नव्हता. सहा इंचाला सोयीचा आकार म्हणजे डेमी, आपल्या नेहमीच्या कादंबरीचा. समास कापून पान रुंदीला बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर १० पॉइंटचं दिसतं, पानाचा शेवटचा तुकडा पुढच्या टिचकीला. दर गुरुवारी बहिणीकडे पिंपरीला जाते. मंडईला मेट्रोत बसले की अर्धा तास आपला. भुयारातून गाडी वर आली आणि थेट ऊन पडलं की शेजारचे सगळे फोन हाताने झाकायला लागतात. माझ्या पाटीवरचं पान मात्र उन्हात आणखी खुलतं, कागदासारखंच. त्या वेळी मी जरा तोऱ्यात असते, खोटं कशाला बोलू.

दिवाळी अंकांचा नाद सोडा. मोठं पान, दोन-तीन रकाने, मध्ये चित्र, कोपऱ्यात जाहिरात. एकेक रकाना धरून खाली उतरायची सोय केओरीडरमध्ये आहे, पण चित्र आडवं आलं की गाडी घसरते. शंभर एमबीची फाइल असली तर पान उलटायला इतका वेळ लागतो की आपण उलटलं होतं की नाही याचीच शंका येते.

ज्यांना ए-फोरचेच कागद वाचायचेत, म्हणजे प्रबंध, निकालपत्रं, सरकारी अहवाल, त्यांनी सहा इंच घेऊ नये. दहा इंचाच्या वरची पाटी पाहावी. १०.३ इंचाच्या पडद्यावर तेच पान ७० टक्के आकाराचं दिसतं, समास कापले तर जवळजवळ मूळ आकाराचं. किंमत कितीतरी पट आणि ती पाटी पर्समध्ये जात नाही, हे दुखणं आहेच.

प्रुफांचं काय, तर तोडगा त्या डीटीपीवाल्यानेच काढला. पहिल्या वाचनासाठी तो मला वेगळी फाइल पाठवतो: पानाचा आकारच ९ बाय १२ सेंटिमीटर, अक्षर १४ पॉइंट, समास नावाला. पाटीवर ती अशी बसते की जणू तिच्याचसाठी छापली. अडचण एकच, पान क्रमांक जुळत नाहीत. त्यामुळे मी परिच्छेदाचे पहिले दोन शब्द वहीत लिहून पुढे चूक लिहिते. शेवटचं प्रूफ मात्र कागदावर, लाल पेनाने. त्यात तडजोड नाही, असं मी त्याला बजावून ठेवलंय.

परवा त्याचा फोन आला. "ताई, १२ पानावर 'गंमत'वरचा अनुस्वार राहिलाय. पाटीवर वाचलंत का?"

बघितलं, तर खरंच राहिला होता. ते कागदावरचं प्रूफ होतं.