ट्यूबलाइटखाली ताब्यात घेतलेली गाडी

गेल्या वर्षी मेच्या अखेरीस कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात एका टेम्पोनं आमच्या वॅगनआरची डावी बाजू घासली. मागच्या दारापासून पार क्वार्टर पॅनलपर्यंत (मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत) चरा गेला आणि दारात ताटाएवढा खड्डा पडला. कुणाला लागलं नाही. गाडी बाबांची. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी २०१७ साली घेतलेली, सिल्की सिल्व्हर रंगाची. आजही सकाळच्या चहाआधी ते तिच्यावर फडकं मारतात. आता चालवते मी, त्यामुळे दुरुस्ती कुठं करायची हे मीच ठरवलं आणि फसले. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कंपनीच्या वर्कशॉपनं २३ हजारांच्या पुढचा अंदाज दिला. ऑफिसमधल्या एकीनं हायवेलगतचं एक गॅरेज सुचवलं. तिथं गेले तर दारात पॉलिश केलेल्या चार गाड्या चकाकत उभ्या, मोठा बोर्ड, माणूस बोलायला गोड. "ताई, निवांत राहा. कंपनीचाच पेंट, बूथमध्ये बेक करून देतो. दोन वर्षं गॅरंटी." डेंटिंग-पेंटिंगचे मिळून ११,५०० सांगितले. मटेरियलसाठी ७,००० आधी मागितले. मी तिथल्या तिथं फोनवरून पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर गॅरेजचं नाव न येता कुणा तिसऱ्याच माणसाचं नाव आलं. मला ते दिसलं होतं, पण विचारायला संकोच वाटला. जॉब कार्ड नाही, लेखी अंदाज नाही, व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं पेनानं लिहिलेला आकडा तेवढा होता.

निघताना त्यानं आणखी एक गोष्ट सुचवली. इन्शुरन्समधून करूया, पुढचं दार आणि बंपरही त्यातच 'बसवतो', तुमच्या खिशातून काही जाणार नाही. पुढच्या दाराला तर काहीच झालं नाही, असं मी म्हटलं. तर म्हणाला, "ते आमच्यावर सोडा." मी नाही म्हटलं, कारण ते खोटं होतं. शिवाय बाबांच्या पॉलिसीवर इतक्या वर्षांत एकही क्लेम नव्हता, म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळत होती. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. नकार दिला त्याचं समाधान आहे. पण त्याच क्षणी किल्ली परत मागायला हवी होती. जो माणूस माझ्यासमोर विमा कंपनीला फसवायला तयार होता, तो माझ्या पाठीमागं माझ्याशी सरळ वागेल असं मी का धरून चालले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

चार दिवसांचं काम आठ दिवसांवर गेलं. मध्ये दोनदा जाऊन आले. बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, बघायचा म्हटलं तर, "आत काम चालू आहे, धूळ जाते, तुम्ही इथंच बसा." दुसऱ्या खेपेला पाऊस सुरू झाला होता आणि आमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, तिन्ही बाजूंनी उघड्यावर उभी होती. दाराला वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. बूथ आहे असं मी तरीही मानत होते. गाडी नंतर आत नेत असतील, अशी मनाची समजूत घातली.

आठव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन आला, "गाडी तयार आहे, आत्ताच न्या, उद्या आम्हाला सुट्टी." धावत गेले. गाडी नुकतीच धुतलेली, अंगावर पाण्याचे थेंब, वर एकच ट्यूबलाइट. दार आरशासारखं चमकत होतं. उरलेले ४,५०० दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के जीएसटी पडेल, तुम्हीच बघा." मी बघितलं आणि दोन हजार वाचवले.

सकाळी बाबा फडकं घेऊन खाली गेले. त्यांनी पुढच्या दारावरून मागच्या दारावर नुसता तळवा फिरवला आणि मला हाक मारली. पुढचं दार काचेसारखं गुळगुळीत आणि मागचं संत्र्याच्या सालीसारखं. मग उन्हात दिसायला लागलं. समोरून बघितलं तर मागचं दार पांढरट, बाजूनं बघितलं तर गर्द. खिडकीच्या रबरावर चंदेरी धूळ बसलेली, म्हणजे रबर काढलंच नव्हतं, वरूनच फवारा मारला होता. फोन केला. "पाच-सहा वेळा धुतली की शेड बसतो, ताई." शेड, म्हणजे रंगाची छटा, धुण्यानं बसत नाही, हे मला नंतर कळलं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवाऱ्याचा दाब, अंतर, थर ओला की कोरडा, यावर ते आडवे बसतात की तिरके हे ठरतं आणि त्यावरच रंग उजळ की गडद हे ठरतं. एकदा वाळला की वाळला.

जुलैत दाराच्या खालच्या भागात साबुदाण्याएवढे फोड आले. नखानं एक दाबला तर आतून पाणी निघालं. मी दाराशी बसून राहिले आणि बाबा काही न बोलता वर गेले. त्या दिवसापासून आठवडाभर त्यांनी गाडी पुसली नाही. ऑगस्टमध्ये दार जरा जोरात लावलं आणि एक तुकडा निखळून खाली पडला. वरून चंदेरी, आतून पिवळट करडा. बाबांच्या फूटपट्टीनं मोजला, ५ मिलिमीटर जाड.

तो तुकडा घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या पेंटरकाकांकडे गेले. त्यांनी दाराजवळ बसून सगळं उलगडून दाखवलं. आधी कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन पुढच्या दारावर घासला, काहीच आलं नाही. मग मागच्या दाराच्या आतल्या कडेला घासला तर कापूस चंदेरी झाला. म्हणजे हार्डनर घालून मारायचा टिकाऊ पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट नव्हताच. हवेवर पटकन वाळणारा स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारून वर पॉलिश केलं होतं. बेकिंगचा तर प्रश्नच नव्हता. मग त्यांनी रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. छतावर आणि पुढच्या दारावर ११० ते १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले. कंपनीतून येणारा रंग साधारण १०० ते १५० च्या दरम्यान असतो. मागच्या दारावर मीटरनं आकडाच दिला नाही, जाडी त्याच्या क्षमतेबाहेर होती. घरच्या फ्रिजवरचं चुंबकही त्या जागी चिकटेना.

नंतर पट्टीनं त्यांनी पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, उकरली; माझ्या हातातला तुकडा तिचाच होता. खाली खड्डा जसाच्या तसा होता. टेम्पोचा निळा रंगसुद्धा तिथं शाबूत होता. पत्रा ओढून वर काढलाच नव्हता, जुना रंग घासला नव्हता, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नव्हता. नुसता खड्डा पुट्टीनं बुजवून वर रंग. काका म्हणाले, "पत्रा सरळ करायला दिवस जातो, पुट्टी भरायला अर्धा तास." पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरायची नसते, ती शेवटच्या बारीक उंचसखलपणापुरती असते. त्यात ती पाणी धरते. पॉलिश पेपरनं पाणी मारत घासायची, नीट वाळू न देता दमट हवेत वर रंग मारायचा, की ओल आतच अडकते आणि फोड येतात. उघड्या पत्र्यावर तर गंजही धरला होता.

काकांनी १७,८०० घेतले, पक्क्या बिलासह. पत्रा आतून ठोकून आणि बाहेरून ओढून त्यांनी तो तळव्याला जाणवणार नाही इतका सरळ केला आणि रंगाआधी मला बोलावून दाखवला. दाराचं हँडल, रबर, मोल्डिंग सगळं काढलं. बॉनेटखालच्या पट्टीवरचा रंगाचा कोड घेतला, त्याप्रमाणे रंग केला आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून तो उन्हात गाडीशेजारी धरला. कोड तोच असला तरी आठ वर्षं उन्हात राहिलेला रंग डब्यातल्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून थोडा फेरफार केला. रंगाची कड पुढच्या दारावर हळूहळू विरवत नेली आणि क्लिअर कोट पूर्ण दारावर मारला. हे ब्लेंडिंग केलं नाही तर सिल्व्हर गाडीवर जोड दिसतोच. साठ अंशांना अर्धा तास बेक केलं. तो बूथ मी बघितला. बंद खोली, छतातून गाळलेली हवा, खाली ओढून घेणारे पंखे. बूथ असला की तो दाखवायला कुणी लाजत नाही.

आता कुणी विचारलं तर मी सांगते की दारात उभ्या असलेल्या चकचकीत गाड्यांकडे बघू नका, आत अर्धवट काम चाललेली गाडी बघा. रबर आणि काचा काढल्यात की कागद चिकटवलेत, पत्रा दिसतोय की सगळीकडे पुट्टी, ते बघा. सहा महिन्यांपूर्वी रंगवलेल्या एखाद्या गाडीचा मालक भेटतो का विचारा. आजची चमक पॉलिशची असू शकते. अंदाजपत्रकावर प्रत्येक पॅनलचा खर्च, रंगाचा प्रकार आणि कंपनी, 'बेक करून' हे शब्द आणि गॅरंटी कशाची हे लिहून घ्या. पुट्टीआधी आणि प्रायमरनंतर फोटो मागा. प्लास्टिकच्या बंपरला वेगळा प्रायमर लागतो, तो न मारल्यास पापुद्रे निघतात, तेही विचारा. आणि गाडी दिवसाउजेडी, कोरडी, दोन्ही कोनांतून बघून घ्या. पावसाळ्यात शक्य असेल तर उघड्या शेडमधलं काम टाळाच. महिनाभर चरा घेऊन फिरलं तरी चालतं, पत्रा उघडा पडला असेल तर तेवढा प्रायमर मारून घ्या.

बिलाचं महत्त्व मला पैसे परत मागताना कळलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं आधी गॅरंटी दिलीच नव्हती म्हणून सांगितलं, मग "पाणी कुठूनही जातं" म्हणाला. माझ्या हातात होती ती ७,००० आणि ४,५०० ची ऑनलाइन नोंद, तीही तिसऱ्याच माणसाच्या नावे. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲपवर त्यानं पाठवलेला "बेक केला आहे, दोन वर्षं बघायचं नाही" हा मेसेज, फोडांचे फोटो, काकांचं बिल, सगळं जोडलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे त्याला लेखी कळवलं, तेव्हा तो पहिल्यांदा स्वतःहून फोनवर आला. ४,००० परत दिले. उरलेले "दिवाळीनंतर" म्हणाला होता. दिवाळी होऊन गेली. आयोगाकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पुट्टीचा तो तुकडा कागदात गुंडाळून त्याच फाइलमध्ये ठेवला आहे.